एकशे बावीस दिवसांचा हिशेब

१२ जून, गुरुवार. रक्कम ४,१८,६०० रुपये. एवढ्या रकमेच्या कामाचे पत्र धाकट्या बहिणीने दादांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले आणि ती म्हणाली, "बघ जरा. घेऊ का नको ते सांग."

बहीण बावन्न वर्षांची होती, पण घरात तिला अजून चिमी म्हणत. एका छापखान्याच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने शिवणकामाचे दुकान थाटले होते. चार मशीन, कापड कापायचे एक लांब टेबल आणि कामाला चार बायका. पत्र वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीचे होते. काट्यांवर धूळ बसू नये म्हणून जाड कापडाची आवरणे हवी होती. नग दोन हजार सहाशे, दर एकशे एकसष्ट, पैसे माल मिळाल्यावर नव्वद दिवसांनी. होय की नाही ते वीस जूनच्या आत कळवायचे होते.

दादांनी पत्र हातात घेतले, आधी उलटे करून मागची बाजू पाहिली, मागे काही नाही अशी खात्री झाल्यावर मग समोरची वाचली.

कागद कुठलाही असो, दादा तो मागून वाचत. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या हिशेब विभागात त्यांची छत्तीस वर्षे झाली होती, निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि एवढ्या काळात एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. कंपन्या जे दाखवायचे ते पुढे छापतात आणि जे लपवायचे ते मागे, बारीक अक्षरांत, टिपांमध्ये. म्हणून कंपनीचा वार्षिक अहवाल हाती पडला की दादा शेवटच्या टिपेपासून सुरुवात करत आणि एकेक टीप चढत ताळेबंदापर्यंत येत. कचेरीत त्यांना त्यांच्या पाठीमागे सगळे तळटीप म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले, आणि दादांना ते आवडले, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

अहवाल मिळावेत म्हणून त्यांनी एक्केचाळीस कंपन्यांचा एकेक शेअर घेऊन ठेवला होता. सगळी मालकी गोळा केली असती तर एखाद्या कंपनीच्या फाटकावरचा दिवाही त्यांच्या वाट्याला आला नसता. पण टपाल मात्र दर वर्षी एक्केचाळीस ठिकाणांहून मालकाच्या नावाने येई. ते आले की दादा दाढीचे जुने पाते घेत आणि अहवालाचा पुढचा भाग, म्हणजे रंगीत मुखपृष्ठ, अध्यक्षांचे पत्र, हसऱ्या कामगारांचे फोटो, असे सगळे शिवणीपासून कापून वेगळे काढत. "ही लग्नपत्रिका," असे म्हणून तो गठ्ठा ते वहिनींकडे देत. कागद जाड आणि गुळगुळीत असे. वहिनी तो स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरत. त्या घरातल्या डाळी आणि कडधान्ये गेली वीस वर्षे निरनिराळ्या अध्यक्षांच्या मनोगतांवर उभी होती.

हिशेब कचेरीतच ठेवून घरी येणाऱ्यांपैकी दादा नव्हते. घरातल्या कोचाची किंमत त्यांनी दहा वर्षांत घसाऱ्याने, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी थोडी थोडी उतरवत, एक रुपयावर आणली होती, आणि पाहुणे त्यावर ऐसपैस बसले की त्यांना मनातल्या मनात गंमत वाटे. वहिनींनी भिंतीला रंग काढायचा म्हटले तर तो खर्च महसुली, म्हणजे त्याच वर्षी बुडीत. पण भिंतीत नवे कपाट करायचे म्हटले तर ते भांडवली, म्हणजे दहा वर्षांवर पसरता येई. हे लक्षात आल्यापासून वहिनी दुरुस्तीचे नावच काढत नसत. त्या सरळ नवे मागत. "अहो, भांडवली आहे," एवढे म्हटले की काम होई.

पण दादांची कुणी फक्त थट्टाच करी असे नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मेहुण्याने आपली सगळी पुंजी एका कंपनीत ठेव म्हणून ठेवायचे ठरवले होते. कंपनीचा नफा दरवर्षी वाढत होता. दादांनी अहवाल मागून वाचला आणि सतराव्या टिपेत त्यांना चोर सापडला. कंपनी यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च नफ्यातून वजा न करता यंत्रांच्याच किमतीत मिळवत होती. जुने यंत्र जितके जास्त मोडेल तितकी त्याची किंमत वाढत होती. दादा म्हणाले, "ठेवू नकोस." मेहुण्याने ठेवले नाहीत. दोन वर्षांनी ती कंपनी बसली. तेव्हापासून घरात दादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला आणि मेहुणा प्रत्येक समारंभात सतराव्या टिपेची गोष्ट सांगू लागला.

म्हणून चिमी आली होती. शाळेच्या दप्तरांचे काम मे महिन्यात संपले, हे तिने सांगितले. हे नवे काम घेतले नाही तर एक जुलैपासून चौघींपैकी दोघींना घरी बसवावे लागेल, हेही सांगितले. आणि घेतले, पण कंपनीने पैसे लांबवले, तर चौघींना बसवावे लागेल आणि पाचवी ती स्वतः. हे सांगताना ती हसली. दादा मात्र हसले नाहीत.

"कोण दोघी?" त्यांनी विचारले.

"तेच तर ठरवता येत नाही ना. एकीच्या घरी नवरा अंथरुणावर, दुसरीच्या पोरीची फी, तिसरी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून, आणि चौथीसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. आता तूच सांग, यात कुणावर रेघ मारू?"

दादा रविवारी दुपारी अहवाल घेऊन बसले. वजनकाट्यांच्या कंपनीचा एक शेअर त्यांच्याकडे होताच. तिचा अहवाल एरवी पावसाळा सरता सरता येई. यंदा जूनच्या पहिल्याच आठवड्यात येऊन पडला होता. याची दादांनी तेव्हाच नोंद घेतली होती. "घाईघाईत छापलाय," ते वहिनींना म्हणाले होते, "घाई कुणाला असते? ज्याला झाकायचं असतं त्याला."

पुढचा भाग त्यांनी केव्हाच कापला होता. उरलेल्यातून ते अडतिसाव्या टिपेपासून वर चढू लागले आणि सापडेल तो आकडा स्वतःच्या तक्त्यावर उतरवू लागले. हा तक्ता त्यांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः आखला होता आणि त्याच्या प्रती छापून घेतल्या होत्या. डावीकडे बाबी, मग 'मागील वर्ष', मग 'चालू वर्ष', आणि शेवटी फरकाचा रकाना. त्यांची तिसरी पिढीही हा तक्ता वापरू शकेल इतक्या प्रती माळ्यावर पडून होत्या.

आकडे उतरताच दादांच्या भुवया चढत गेल्या. विक्री चाळीस कोटींवरून एकतीस कोटी वीस लाखांवर. म्हणजे बावीस टक्के घट. घसारा दोन कोटींवरून दीड कोटींवर. यंत्रे तीच, मग घसारा पाव हिश्शाने कमी कसा? दर बदलला असणार, नफा फुगवायला. आणि नफा पाहावा तर विक्रीच्या आठ टक्के, मागच्या वर्षी होता तेवढाच. विक्री धाडकन पडते आणि नफ्याचे प्रमाण केसभरही हलत नाही? हे तर फारच साळसूद होते. साळसूदपणाचा दादांना छत्तीस वर्षांपासून राग होता.

मग ते मुख्य प्रश्नाकडे आले. माल पुरवणाऱ्यांना ही कंपनी पैसे किती दिवसांनी देते? यासाठीचे सूत्र कंपनी स्वतः कुठे छापत नाही, ते आपणच मांडावे लागते. पुरवठादारांची उरलेली देणी भागिले वर्षाची खरेदी, गुणिले तीनशे पासष्ट. मागच्या वर्षी देणी सहा कोटी, खरेदी चोवीस कोटी. उत्तर एक्क्याण्णव दिवस. म्हणजे नव्वदचा वायदा पाळला होता. यंदा देणी तेवढीच, सहा कोटी, पण खरेदी अठरा कोटी.

सहा भागिले अठरा, गुणिले तीनशे पासष्ट. एकशे बावीस दिवस.

पेन्सिल खाली ठेवून दादांनी वहिनींना हाक मारली. वहिनी हात पुसत आल्या. "एकशे बावीस," दादा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर बारा वर्षांपूर्वीचे, सतराव्या टिपेचे तेज होते. वहिनींनी चहा हवा का विचारले. तोवर दादा पहिल्या टिपेपर्यंत आले होते. पहिली टीप प्रत्येक अहवालात सारखीच असते, कंपनी आपले हिशेब कोणत्या पद्धतीने ठेवते वगैरे. आणि निकाल लागल्यावर साक्षीपुरावे कोण वाचतो? तिच्यावरून त्यांनी नजर फिरवली आणि फाइल बंद केली.

सोमवारी चिमीला निकाल कळला. "तोंडानं नव्वद सांगतात आणि देतात एकशे बावीस दिवसांनी," दादा म्हणाले, "शिवाय धंदा बसतोय. तू यात पडू नकोस." चिमीने पत्राची घडी केली. तिच्या नजरेला एकशे बावीसऐवजी घरी बसवायच्या दोघीच दिसत होत्या. पण दादाचा शब्द होता. नकाराचे पत्र तिला दोन ओळींचे लिहायचे होते. दादांनी ते पाऊण पानाचे लिहून दिले, कारण कारण न देता नकार देणे त्यांना अव्यवस्थित वाटे. त्यातले मुख्य वाक्य असे होते: 'आपल्या ताज्या ताळेबंदाचा अभ्यास करता आपण पुरवठादारांची देणी सरासरी एकशे बावीस दिवसांनी चुकती करता असे दिसून येते, सबब नव्वद दिवसांच्या आपल्या आश्वासनावर विसंबणे आम्हांस शक्य नाही.' चिमीने खाली सही केली.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, चिमी पुन्हा आली. दोघींना सोडायचे तर त्यांचा शेवटचा हिशेब नीट व्हायला हवा होता. महिन्याचे दिवस, साठलेल्या सुट्ट्या, वर काही देता आले तर तेही. "तुझ्याकडून करून घेते, म्हणजे पैशाची चूक होणार नाही," ती म्हणाली. कोण दोघी ते तिने अजून सांगितले नव्हते. कागदावर नावांच्या जागी तिने रेघा मारल्या होत्या.

दादा मान खाली घालून गुणाकार करू लागले. चिमी समोर एक रुपयाच्या कोचावर बसली. हाताला चाळा म्हणून तिने टेबलावरचा तक्ता उचलला. तिला त्यातले फारसे कळत नव्हते. तिने देणी वाचली, घसारा वाचला, आणि खाली 'जागेचे भाडे' या ओळीवर आली. तिथे मात्र ती थांबली, कारण भाडे तिला कळत होते. सोळा वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेला ते तिला कळत आले होते.

"दादा, यांचं भाडं अठ्ठेचाळीस लाखांचं छत्तीस लाख झालं?"

"हं."

"कमी झालं?"

"झालं असेल. धंदा उतरला की काटकसर करतात." दादांनी मान वर केली नाही.

"भाडं कमी झालं," चिमी पुन्हा म्हणाली, स्वतःशीच. "माझ्या मालकानं सोळा वर्षांत एकदा, एकदाच, नळाची चकती बदलून दिली आणि पुढच्या महिन्यापासून शंभर रुपये वाढवले. बारा लाख सोडणारा मालक कुठं राहतो रे? पत्ता दे, उद्याच दुकान हलवते."

वहिनी आतून हसल्या. दादा लिहीत राहिले.

"अठ्ठेचाळीस म्हणजे महिन्याला चार," चिमी बोटांवर मोजत म्हणाली. भाडेकरू भाड्याचा विचार महिन्यानेच करतो. "चारनं छत्तीस. नऊ. दादा, यांनी नऊच महिन्यांचं भाडं भरलंय. तीन महिने कुठं गेले?"

दादांचे पेन थांबले.

त्यांनी तक्ता तिच्या हातातून घेतला. घसारा, दोन कोटींचा दीड कोटी. बारा महिन्यांचे दोन, तर नऊ महिन्यांचे दीड. नफ्याचे प्रमाण हलले नव्हते, कारण नऊ महिन्यांचा नफा नऊ महिन्यांच्याच विक्रीला भागला होता. तिथे महिने कितीही असोत, काही बिघडत नाही. बिघडते ते फक्त वर्षाचे दिवस घेऊन गुणले तर. आणि अहवाल जूनमध्येच आला होता.

"अहो," ते हळूच म्हणाले, "याचं मुखपृष्ठ कुठं आहे?"

"कशाचं?"

"वजनकाट्याचं."

वहिनी जरा विचार करून म्हणाल्या, "तिसरी फळी. तेलाच्या बरणीखाली असेल."

तिघेही स्वयंपाकघरात गेले. बरणी हलवली, दोन डबे हलवले, आणि खालचा चकचकीत कागद दादांनी जपून ओढून काढला. वर मोठा रुपेरी वजनकाटा होता आणि काट्याच्या बरोबर मध्यभागी तेलाचे गोल वर्तुळ उमटले होते. वर्तुळाच्या आत, कुणालाही चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत छापले होते: 'वार्षिक अहवाल. १ जुलै ते ३१ मार्च. हिशेबाचे वर्ष बदलल्यामुळे हा अहवाल नऊ महिन्यांचा आहे.'

त्याच्या मागे अध्यक्षांचे पत्र होते. अध्यक्षांनीही पहिल्याच परिच्छेदात तेच सांगितले होते, आणि विक्री महिन्याच्या हिशेबाने थोडी वाढलीच आहे असेही. दादा धावत खोलीत गेले आणि फाइल उघडली. नफा-तोटा पत्रकाच्या मथळ्यात 'वर्षासाठी' असे नव्हतेच, 'कालावधीसाठी' असे होते. ते त्यांनी वाचले नव्हते, कारण मथळा त्यांच्या तक्त्यावर तीस वर्षांपासून छापलेलाच होता. आणि पहिल्या टिपेत, तिसऱ्या ओळीत, कंपनीने वर्ष का बदलले ते सविस्तर दिले होते. तळटीप म्हणवणाऱ्या माणसाने तळटीपच सोडली होती. बाकीच्या सदतीस वाचल्या होत्या.

त्यांनी उभ्याउभ्याच सूत्र पुन्हा मांडले. सहा भागिले अठरा, गुणिले दोनशे चौऱ्याहत्तर. कारण त्या नऊ महिन्यांचे दिवस तेवढेच होतात. उत्तर एक्क्याण्णव दिवस आणि एक तृतीयांश.

"म्हणजे किती?" चिमीने विचारले.

"एक्क्याण्णव दिवस आणि आठ तास."

"मग नव्वद म्हणतात ते खरंच बोलतात."

"हो."

"आणि आपण त्यांना पत्र लिहून खोटं ठरवलं."

आपण हा शब्द तिने मोठ्या मनाने वापरला होता. दादा खुर्चीवर बसले. समोर रेघा मारलेला दोघींचा हिशेब होता. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. वहिनींनी न विचारताच चहा टाकला, आणि जाता जाता म्हणाल्या, "पहिलं पान आता डब्याखाली घालायचं की नाही ते सांगून ठेवा बाई. माझ्या फळ्या उघड्या पडतील."

सोमवारी दादांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'चूक दुरुस्ती' असे लिहिले आणि साहेबांनी ते कचेरीच्या कामाचे समजून सही केली. दोघे भाऊबहीण बसने कंपनीत गेले. दादांजवळ पाचशेची नोट होती आणि वाहकाजवळ सुटे नव्हते, म्हणून दोन्ही तिकिटे चिमीने काढली. वाटेत दादांनी तिला बजावले की बोलायचे काम आपले. ती म्हणाली की बोलायला आपल्याकडे आहेच काय.

खरेदी अधिकारी तिशीतला, नीटस माणूस होता. चिमीचे नाव ऐकताच त्याचा चेहरा फुलला. "एकशे बावीसवाल्या बाई," तो म्हणाला. मग त्याने दोघांना बसायला सांगितले आणि पाणी मागवले. ते पत्र म्हणे कचेरीभर फिरले होते. दर वर्षी अहवालाच्या हजारो प्रती छापतात, पण आवरणे शिवणाऱ्या बाईंनी ताळेबंद वाचून नकार दिला, असे आजवर झाले नव्हते. त्यांच्या हिशेब खात्याच्या प्रमुखांनी तर ते आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवले होते.

चिमी दादांकडे बघत राहिली. तिने ठरवले असते तर गप्प राहून विद्वान ठरता आले असते. पण तिचे ओठ हलण्याआधी दादा उठून उभे राहिले होते. छत्तीस वर्षांत त्यांनी इतरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या. स्वतःची दाखवायची झाली तर उभे राहावे की बसून सांगावे, याचा त्यांना अनुभव नव्हता.

"ते पत्र मी लिहिलं," ते म्हणाले. "हिशेबही माझा. तुमचं वर्ष नऊ महिन्यांचं, मी दिवस तीनशे पासष्ट धरले. तुम्ही एक्क्याण्णव दिवसांनी देता. चूक माझी आहे. हिनं फक्त सही केली, कारण मी सांगितलं."

"पण पहिल्या पानावरच होतं," खरेदी अधिकारी हळू आवाजात म्हणाला.

"पहिलं पान मी वाचत नाही," दादा म्हणाले.

"फळीवर घालतो," चिमी म्हणाली.

मग ती कामाचे बोलली. काम अजून आहे का, एवढेच तिने विचारले. अधिकाऱ्याने वही उघडली. वीस तारीख उलटल्यावर त्याने अर्धे काम दुसऱ्या एकाला दिले होते, ते परत घेता येणार नव्हते. उरलेले अर्धे अजून कुणाला दिले नव्हते. तेराशे नग, दर तोच, दिवस तेच. रक्कम दोन लाख नऊ हजार तीनशे. चिमीने तिथल्या तिथे होकार लिहून दिला. दोन ओळींत.

परतीच्या बसमध्ये चिमी खिडकीबाहेर बघत होती. अर्धे काम गेले ते दादाच्या हिशेबामुळे, हे ती बोलली नाही. त्यामुळे दादांना ते जास्तच ऐकू येत होते. त्यांनी खिशातून कागद काढला. तो दोघींच्या शेवटच्या हिशेबाचा होता. तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ते मांडू लागले. शिवायला वीस दिवस, मग पैशाची वाट नव्वद दिवस, एकूण एकशे दहा. त्यातून कापडवाला तीस दिवस थांबतो ते वजा. उरले ऐंशी. ऐंशी दिवस चिमीचे पैसे बाहेर अडकणार. यालाच कचेरीत खेळते भांडवल म्हणतात. पण ज्याचे अडकतात त्याला खेळ वाटत नाही. एका नगाला कापड, मजुरी, दोरा धरून खर्च एकशे सदतीस, म्हणजे तेराशेचा एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार शंभर. चिमीकडे होते एक लाख वीस हजार. कमी पडत होते अठ्ठावन्न हजार शंभर.

"ते मी देतो," दादा म्हणाले.

"व्याज?"

"नाही."

"मग मी घेणार नाही. उद्या तूच म्हणशील, नातलगांशी केलेला व्यवहार वेगळ्या टिपेत दाखवावा लागतो."

"तो दाखवावाच लागतो," दादा म्हणाले. "व्याज नसलं तरी."

चिमी हसली, आणि मग बराच वेळ हसत राहिली. पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून बघायला लागला. शेवटी तिने पैसे घेतले, बिनव्याजी, पण कागद करून.

चौघीही राहिल्या. तेराशे आवरणांनी त्यांचा जुलै निघाला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एका रुग्णालयाच्या पडद्यांचे काम आले, ते दादांना न विचारता चिमीने घेतले. वजनकाट्यांचा माल १८ जुलैला पोचला. दादांनी त्या दिवसापासून खिशातल्या रोजनिशीत दिवस मोजायला घेतले. साठाव्या दिवशी त्यांना झोप लागत होती. ऐंशीव्या दिवसापासून लागेना. नव्वदावा दिवस कोरडा गेला, तेव्हा त्यांनी दुपारी कचेरीतून चिमीला दोनदा फोन केला आणि दुसऱ्या वेळी तिने उचलला नाही. १७ ऑक्टोबरला, एक्क्याण्णवाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता दोन लाख नऊ हजार तीनशे रुपये तिच्या खात्यात जमा झाले.

संध्याकाळी ती दादांचे अठ्ठावन्न हजार शंभर घेऊन आली. "आठ तास आधीच दिले रे त्यांनी," ती म्हणाली, "तुझं सूत्र सुधार." दादांनी पैसे मोजले, कागदावर 'पूर्ण मिळाले' असे लिहून तो फाडला आणि तुकडे तिला दिले. फाडण्याआधी त्यांनी तो उलटूनही पाहिला नाही.

त्या वर्षापासून अहवाल आले की दादा पाते बाहेर काढत, पण कापण्याआधी पहिले पान वाचत. वाचताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई. वहिनी फळीवरचे जुने कागद झटकत दारात उभ्या राहत आणि विचारत, "झाली का लग्नपत्रिका?" पहिली पाने वाचून होत, फळीवर जात. फक्त ते एक, तेलाच्या वर्तुळाचे, दादांनी कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. निवृत्तीच्या दिवशी ते काढायचे त्यांनी ठरवले होते.

त्या सोमवारची बसची दोन तिकिटे प्रत्येकी सतरा रुपयांची होती. परतीची दादांनी काढली, कंपनीच्या फाटकाजवळच्या टपरीवर नोट मोडून. जातानाची चिमीने काढली होती. दादांनी ते पैसे तिला चार वेळा देऊ केले आणि तिने चारही वेळा घेतले नाहीत. "राहू दे," ती म्हणते, "तुझ्या ताळेबंदात माझं काहीतरी असू दे." रोजनिशीच्या प्रत्येक महिनाअखेरीला दादा ती रक्कम पुढच्या पानावर ओढतात.

चिमीचे देणे, बसभाडे, ३४ रुपये. बाकी.